दुकानाच्या नावाचं मशीन

मशीनकाका कुणाच्याही घरी गेले की आधी यजमानांना नाही, त्यांच्या वॉशिंग मशीनला भेटायचे. चहा होईपर्यंत किचनमध्ये गुडघ्यावर बसायचे, मशीनचं दार उघडायचे, आतल्या कडेची बोटभर पट्टी चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि निकाल द्यायचे, "दुकानानं आपलं नाव चिकटवलंय नुसतं. बनलंय इटलीत." घरच्या बाईचा चेहरा पडला की त्यांना चहा जास्तच गोड लागायचा.

कार्डिफच्या आम्हा मराठी मंडळींत जो तो हॉस्पिटलात डॉक्टर, नाहीतर डॉक्टरची बायको. काका तेवढे एका मोठ्या दुकानाच्या सर्व्हिस व्हॅनवर. वेल्सभर मशिनं दुरुस्त करत त्यांची उमर गेली. या देशातल्या बड्या दुकानांनी एके काळी स्वतःच्या नावाची मशिनं धडाक्यानं विकली, पण स्वतः एक स्क्रूसुद्धा कधी आवळला नाही, हे त्यांचं आवडतं प्रवचन होतं. एकाच कारखान्यातून निघालेलं मशीन भारी दुकानात गेलं की खानदानी ठरायचं आणि हप्त्यानं माल विकणाऱ्या कॅटलॉगात छापलं की गरिबाघरचं. "बटणांचा रंग बदलला की झालं! आणि लोक त्या बटणांच्या जोरावर नाक वर करून फिरतात," असं म्हणून ते स्वतःचंच नाक वर करून दाखवायचे.

नाक वर करण्यात आमच्या सर्जनसाहेबांच्या मिसेसचा हात कुणी धरला नसता. त्यांच्याकडचं जुनं मशीन भारी दुकानातलं. "आम्ही कॅटलॉगमधलं कधी घेतलंच नाही हं. प्रॉपर ब्रिटिश क्वालिटी," हे प्रत्येक पार्टीत ऐकावं लागायचं. एका रविवारी ते ब्रिटिश क्वालिटीचं मशीन पोटात पाणी घेऊन बंद पडलं. काकांनी त्याचा पंप काढला, व्हॅनमधून भंगारातल्या कॅटलॉग मशीनचा पंप आणला आणि दोन्ही डायनिंग टेबलवर शेजारी शेजारी ठेवले. "वहिनी, यातला तुमचा खानदानी कुठला, ओळखा बघू." बाईंनी भंगारातला दाखवला. काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. तोच पंप बसवून मशीन चालू झालं, आणि पुढे दोन महिने बाई सगळ्यांना सांगत होत्या की त्या माणसाला मॅनर्स नाहीत.

मला हा माणूस फार आवडायचा. हे लिहायला आता माझं काय जातंय म्हणा.

काकांना आमच्याकडून एकच गोष्ट हवी होती. मंडळाच्या गणपतीत एकदा पूजेला बसायचं होतं. आई गेली तेव्हा त्यांना भारतात जाता आलं नव्हतं, आणि मुलानं गणपतीला पूजेला बसावं ही तिची इच्छा राहून गेली होती. मी मंडळाची सेक्रेटरी, म्हणून दरवर्षी मलाच विचारायचे, "मीना, यंदा बघ हं माझं." आणि दरवर्षी कुणीतरी कन्सल्टंट डॉक्टर निवृत्त व्हायचे, नाहीतर कुणाचा मुलगा मेडिकलला लागायचा, आणि पूजेचा मान तिकडे जायचा. खरं कारण कमिटीच्या मीटिंगमध्ये हळू आवाजात निघायचं, "आडनावावरून काही कळत नाही हो." हॉस्पिटलात दरवर्षी समानतेचं ऑनलाइन ट्रेनिंग करून सर्टिफिकेट घेणारी माणसं ही!

एका वर्षी कमिटीनं ठरवलं, मीनानं सहज विचारावं. मी गेले. काका गॅरेजमध्ये एका मशीनची पाठ उघडून बसले होते, शेजारी काकू सुटे स्क्रू वाटीत जमा करत होत्या.

"काका, तुमचं मूळ गाव, घराणं वगैरे... फॉर्ममध्ये भरायचंय," मी म्हटलं. असा कुठलाही फॉर्म नव्हता.

त्यांनी पाना खाली ठेवला. "अगं, मी जन्मभर मशिनांचं मूळ शोधलं. का माहितेय? स्पेअर पार्ट बरोबर मिळावा म्हणून. तुमच्या कमिटीला माझा कुठला पार्ट बदलायचाय?"

 त्यांनी पुन्हा पाना उचलला आणि मी घरी आले. काका म्हणाले तेच शब्द कमिटीला सांगायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात मी सांगितलं, "यंदा त्यांना जमणार नाहीये." सगळ्यांना बरं वाटलं.

त्यानंतर काका गणपतीला आले नाहीत. मशीन बिघडलं की मात्र बोलावल्यावर यायचे, दुरुस्त करायचे आणि चहा न घेता जायचे. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, कारण मशिनं चालत होती.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. क्रिमेटोरियममध्ये सर्जनसाहेब काळ्या सुटात उभे राहून बोलले, "ही वॉज वन ऑफ अस. आपल्याच घरातला माणूस." सगळ्यांनी गंभीर चेहऱ्यानं माना डोलावल्या. पहिल्या रांगेतून काकूंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मीही मान डोलावत होते.