बहिणी, पण जुळ्या नकोत

छापखान्यात माझ्या मामाला 'जरासाहेब' म्हणतात. कुणाच्याही मांडणीमागे जाऊन तो उभा राहतो आणि सुरू होतो. हे जरा डावीकडे घे, ते जरा बारीक कर, या अक्षरांना जरा श्वास घेऊ दे. मी तिथे कामाला लागले तेव्हा मशीनवाल्याने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "तुझा मामा 'जरा' म्हणाला, की जेवणाची सुट्टी गेली समज."

आमचा छापखाना औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापतो. मी मशीनची देखभाल करते, मामा लेबलं रचतो. चित्रकलेच्या वर्गात तो एक दिवसही बसलेला नाही. दुकानांच्या पाट्या रंगवत शिकला आणि एकतीस वर्षांपूर्वी इथे आला. त्यामुळे त्याचे नियम त्याच्याच भाषेत. रेषा नजरेला चालवते आणि आकार तिला बसवतो. गडद रंगाला वजन असतं, तो वर ठेवला की बाटली आता कलंडेल असं वाटतं. आणि मोकळ्या जागेला कुणी 'रिकामी' म्हटलं तर त्याचं डोकंच फिरायचं. रिकामी म्हणजे काहीतरी ठेवायचं राहिलंय, मोकळी म्हणजे मुद्दाम राखलेली, हे मी वीसदा तरी ऐकलं असेल.

त्याची एक परीक्षा होती. लेबल हातभर लांब धरायचं आणि डोळे किलकिले करायचे. अक्षरं पुसट होतात, बारकावे विरतात, मागे नुसती गडद-फिक्याची मांडणी उरते. तो म्हणायचा, हा लेबलाचा खरा चेहरा. या परीक्षेशिवाय त्याने कधी प्रूफवर सही केली नाही.

गेल्या वर्षी एका औषध कंपनीला आपली सगळी लेबलं नव्याने करून हवी होती. दुकानाच्या फळीवर ती एका घरच्या बहिणींसारखी दिसली पाहिजेत, एवढीच मागणी. मामा खूश झाला. वर पांढरी मोकळी जागा, मधे कंपनीची गोल खूण, खाली निळा पट्टा, पट्ट्यात औषधाचं नाव. खोकल्याचं, पोटाचं, कानाचं, डोळ्यांचं, प्रत्येक लेबल त्याने एकेक करून हातभर लांब धरलं, डोळे किलकिले केले आणि सही केली.

एकेक करून. चूक तिथेच झाली.

नवं लेबल घरच्या उजेडात कसं दिसतं ते पाहायची त्याला सवय होती. छापखान्याच्या ट्यूबखाली सगळंच गोरंगोमटं दिसतं म्हणायचा. त्या संध्याकाळी कानाच्या आणि डोळ्यांच्या थेंबांच्या दोन रिकाम्या बाटल्यांवर लेबलं चिकटवून त्याने त्या आरशाजवळच्या फळीवर ठेवल्या. बोटाएवढ्या, सारख्याच उंचीच्या. मी तेव्हा घरीच होते. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि रोज तीनदा थेंब घालायचं काम मामाकडे होतं. आजी म्हणाली, "माझ्या डोळ्यांच्या औषधाचं नवं लेबल केलंस ना? बघू तरी."

मामा नुकताच तोंड धुऊन आला होता. चष्मा खुंटीला. त्याने फळीवरची एक बाटली उचलून आजीच्या हातात दिली. आजीने ती डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, पोराचं कौतुक केलं. मी सहज डोकावले.

"मामा, हे कानाचं आहे."

त्याने चष्मा लावला. बाटली पाहिली, मग दुसरी पाहिली. दोन्ही शेजारीशेजारी फळीवर ठेवल्या, चार पावलं मागे गेला आणि डोळे किलकिले केले. आजीने विचारलं, काय झालं रे? तो काही नाही म्हणाला. पण त्या दिवशी आजीच्या डोळ्यात थेंब घालण्याआधी त्याने जुन्या बाटलीवरचं नाव तीनदा वाचलं आणि शेवटी माझ्याकडून वाचून घेतलं.

सकाळी आम्ही छापखान्यात पोचलो तेव्हा दोन्ही बाटल्या त्याच्या खिशात होत्या. मला त्याची भीती कळत होती. कानाची लेबलं आठवड्यापूर्वीच कंपनीत गेली होती. डोळ्यांची आता मशीनवर होती आणि दुपारी गाडी न्यायला येणार होती. प्रूफवर कंपनीची सही होती आणि खाली मामाची. वर्षभरापूर्वी एका टिंबाच्या चुकीपायी मालकीणबाईंनी एका जुन्या माणसाला घरी बसवलं होतं. मामाच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. गप्प बसला असता तर कुणी त्याला बोल लावला नसता. त्याने दारातूनच मला मशीन थांबवायची खूण केली. मी थांबवलं. सगळे माना वळवून बघत होते.

बाईंनी आम्हाला आत बोलावलं. प्रूफ समोर ठेवून म्हणाल्या की छपाईत काही दोष नाही, कंपनीने पास केलंय, मग जरासाहेबांना आता काय सरकवायचंय?

"सरकवून भागणार नाही," मामा म्हणाला. त्याने दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. "बहिणी करायला गेलो, जुळ्या झाल्या."

"नाव स्वच्छ लिहिलंय की."

"नाव वाचायला डोळे लागतात, बाई. आणि हे औषध डोळ्यांचंच आहे."

बाईंनी प्रूफ जवळ ओढलं.

"काल मी आईला डोळ्यांचं म्हणून कानाचं दिलं," मामा म्हणाला. "बाटली रिकामी होती म्हणून निभावलं. सही माझी आहे. मी एकेक पाहिलं, शेजारी ठेवून पाहिलं नाही. मला काय करायचं ते नंतर करा, पण हे जाऊ देऊ नका."

बाईंचा चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकत होता. त्यांनी तो न लावता दोन्ही बाटल्या उचलल्या, हातात फिरवल्या. मग चष्मा लावला. मग कंपनीला फोन लावला.

दुपारच्या गाडीला मोकळं परत पाठवलं. मामाने तीन तासांत डोळ्यांचं लेबल नव्याने रचलं. निळा तोच, अक्षरं तीच, पांढरी जागा तेवढीच. फक्त खालचा पट्टा काढला, कंपनीची खूण तिथे खाली नेली आणि मधे एक मोठं भरीव निळं वर्तुळ ठेवलं, त्यात औषधाचं नाव. किलकिल्या डोळ्यांना एका बाटलीवर आडवा पट्टा दिसतो, दुसरीवर गोल. बोटाला लागावी म्हणून वर्तुळाला उंचवट्याची कडा हवी, असा त्याचा हट्ट होता. तो कंपनीने मानला नाही. बाईंनी त्याच्या नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

पण आदल्या दिवशी डोळ्यांच्या त्या पट्टावाल्या लेबलांचा एक रोल कंपनीत चिकटवून बघण्यासाठी गेला होता. तिसऱ्या दिवशी तो परत आला. मामाने तो मला मशीनवर चढवायला लावला आणि मोजला. आठ लेबलं कमी होती. कंपनीने सांगितलं, ती ज्यांवर चिकटवली त्या बाटल्या रिकाम्याच होत्या, भंगारात गेल्या. असेलही तसंच. मामाने दोनदा फोन करून तेच उत्तर ऐकलं.

आजीच्या बाटलीला आता तो रबरबँड गुंडाळून ठेवतो. आजी बोटाने चाचपते आणि म्हणते, डोळ्यांचं आहे, घाल.

मध्यंतरी मी त्याच्यासोबत बाजारात गेले होते. वाटेत औषधाचं दुकान लागलं तसा तो आत वळला आणि डोळ्यांचे थेंब मागितले. बाटली हातभर लांब धरली, डोळे किलकिले केले. पट्टा नव्हता, गोल होतं. मग चष्मा लावून नाव वाचलं आणि बाटली परत दिली.

दुकानदार हसत म्हणाला, "मामा, महिन्यात चौथ्यांदा आलात. डोळे दाखवा एकदा."

"डोळे बरे आहेत," मामा म्हणाला आणि मागच्या फळीकडे बोट केलं. "ती कोपऱ्यातली जरा देता का?"