सोबतीची बाई

आमच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते, हे पालकांपैकी फारसं कुणाला ठाऊक नसावं. रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांमध्ये माझी ओळख वेगळी आहे. युवा महोत्सव असो, सहल असो की शिबिर, मुलगी गावाबाहेर न्यायची म्हटली की घरून पहिला प्रश्न येतो तो एवढाच, मॅडम जाणार आहेत का? मॅडम म्हणजे मी. मी जाणार आहे म्हटलं की पुढची चौकशी थांबते. महोत्सवात कसली स्पर्धा आहे, मुलगी त्यात काय करणार आहे, याची कुणाला उत्सुकता नसते.

ही परवानगी एका दमात कधीच मिळत नाही. आईला विचारावं तर ती म्हणते, त्यांना विचारा, ते मुंबईला असतात. त्यांना फोन लावावा तर ते कामावर असतात, आणि संध्याकाळी सापडले तर म्हणतात, घरी माझा भाऊ आहे, त्याच्या कानावर घाला. भावाच्या कानावर घालावं तर तो म्हणतो, माझं काय, मॅडम असतील तर जाऊ दे. म्हणजे सगळं फिरून गाडी माझ्यावरच येऊन थांबायची. सुरुवातीला मला याचा अभिमान वाटायचा. पुढे पुढे नको वाटायला लागलं.

अंतिम फेरी मुंबईला असते. रात्रभर गाडीतून जायचं, सकाळी कुठल्या तरी हॉलमध्ये गाद्या टाकायच्या, आणि मुली झोपल्या की मी दाराशी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन बसायचं. बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका आईने विचारलं होतं, रात्री दारात कोण असतं? मी म्हणाले, मी असते. एकदा बोलून बसले आणि मग दरवर्षी बसतच राहिले. स्पर्धेच्या वेळी मी रंगपटात मुलींचे मोबाइल, पर्सा नि कानातली सांभाळत असायचे. आमच्या मुलांची अंतिम फेरीतली एकही एकांकिका मी समोर बसून पाहिलेली नाही. टाळ्या ऐकायच्या आणि त्यावरून कसं झालं असेल याचा अंदाज बांधायचा.

यंदा मी प्राचार्यांना सांगून टाकलं की मला जमणार नाही. गुडघा दुखतो, हे कारण दिलं. गुडघा दुखतोच, पण खरं सांगायचं तर मी कंटाळले होते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची खुर्ची मागितली होती. मी म्हटलं, आपल्याकडे तासिका तत्त्वावर आलेली ती नवी मुलगी आहे ना, तिला पाठवा. ती स्वतः कॉलेजात असताना नाटकं करायची, तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिलाही जायची हौस होती. शहरातल्या मुलींच्या घरून काही अडचण आली नाही. अडलं एकाच घरी, आणि नेमकी तीच आमच्या एकांकिकेतली मुख्य मुलगी होती.

ही मुलगी दुसऱ्या वर्षाला, राजापूरच्या वाटेवरच्या एका गावातली. वर्गात हजेरी घेताना तिचा 'येस मॅडम' इतका हळू यायचा की मी दोनदा तिची गैरहजेरी मांडली होती. एकांकिकेत मात्र ती गावची सरपंच झाली होती, आणि तिचा आवाज तळमजल्यावरच्या शेवटच्या वर्गातून थेट स्टाफरूममध्ये पोचायचा. आमच्यातले एक सर चहा पिता पिता म्हणाले, ही बया परीक्षेत अशी बोलली असती तर. दिग्दर्शन करणारा मुलगा तिसऱ्या वर्षाचा. त्याने तालमीचं सगळं वेळापत्रक तिच्या एसटीभोवती बांधलं होतं. तिचे प्रवेश आधी, बाकीच्यांचे नंतर, कारण तिच्या गावाला जाणारी वस्तीची गाडी चुकली तर दुसरी नव्हती. बाकं भिंतीला सरकवलेली, कोपऱ्यात ओल्या छत्र्या, कँटीनमधून आणलेल्या वड्यांचा कागद, आणि मधोमध ही पोर कमरेला ओढणी खोचून पंचायतीच्या सदस्यांना झापतेय. विभागीय फेरीत आमचा पहिला नंबर आला. परीक्षकांनी तिला विचारलं, कुठे शिकलीस? ती म्हणाली, कुठे नाही.

अंतिम फेरी गणपतीनंतर लगेच होती. तिच्या घरी फोन केला तर उत्तर तेच, मॅडम येणार आहेत का? फोनवर नाही म्हणायचा मला धीर झाला नाही. वडील गणपतीला मुंबईहून आलेले असणार, समोरासमोर बोलू, असं म्हणून मी गौरी-गणपतीच्या दिवसांतच त्यांच्याकडे गेले. फाट्यावर उतरल्यावर जांभ्या दगडाची पाखाडी चढायची होती. पावसाने तिच्यावर शेवाळ धरलेलं. एकेक पायरी चढताना मी मनात विद्यापीठाला, महोत्सवाला आणि स्वतःला नावं ठेवत होते.

घर माणसांनी भरलेलं होतं. मुंबईहून आलेले काका, त्यांची मुलं, सगळ्यांचा जेवणाचा खटाटोप. मला पाटावर बसवून तवसाचं धोंडस दिलं. काकडीचा हा गोड केक आमच्या घरी आता कुणी करत नाही, म्हणून मी निमूटपणे दोन तुकडे खाल्ले. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात बसली होती, नारळ खवत. सरपंचांचा आवाज पुन्हा गायब झाला होता.

वडील अदबीने समोर बसले. मी एकांकिकेबद्दल सांगितलं, परीक्षक काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "तुमी येताव ना म्याडम? मग आमचा काय नाय."

मी म्हटलं, यंदा मी येत नाही, दुसऱ्या मॅडम येणार आहेत. त्या कशा, कुठल्या, लग्न झालंय का, हे त्यांनी विचारलं. लग्न झालेलं नाही, असं मी सांगितलं. मग त्यांनी अगदी मऊपणे सांगितलं की राहू दे मग, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी काय बघणार, हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या वर्षाला गेली की घरात स्थळांची बोलणी सुरू होतात आणि नाटकबिटक मागे पडतं. स्वयंपाकघरातला खवणीचा आवाज थांबला. माझ्या जिभेवर अगदी आलं होतं, बरं, येते मी. एवढं म्हटलं की सुटलं असतं. पण पाखाडी चढून आल्यावर गुडघा ठणकत होता, आणि मला खरोखरच नको होतं.

आई इतका वेळ येता-जाता वाढत होती. तिने मला विचारलं, तिथे तुम्ही नक्की काय करता? मी सांगितलं, खास काही नाही. मुलींच्या वस्तू सांभाळते, रात्री दाराशी बसते.

"येवडाच ना," ती म्हणाली. "मग मी जातंय."

वडील हसले. मुंबईला तुला काय कळणार, असं काहीसं म्हणाले. ती म्हणाली, मला मुंबई कळायला नको, दार कळलं की झालं. काकांना हसू आवरेना. गाईचं कोण बघणार, असा प्रश्न आला. जाऊबाई बघतील, असं तिनेच परस्पर ठरवून टाकलं. घरात पाहुणे असताना, गौरी बसलेल्या असताना बायकोला नाही कसं म्हणायचं, म्हणून असेल, पण वडील तयार झाले. मुलीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. माझा जीव भांड्यात पडला. खाली उतरताना मात्र मनात खुपत राहिलं की एवढाच ना, हे तिने किती सहज म्हटलं.

निघायच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकाशी गेले होते. मुलं ढोलकी, पेट्या, सरपंचांची खुर्ची गाडीत चढवत होती. आई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मी तिला ढीगभर सूचना दिल्या. मोबाइल कुठे ठेवायचे, मुलींना एकटं बाहेर सोडायचं नाही, दार आतून लावलं तरी जवळच बसायचं. ती लहान मुलासारखी सगळ्याला हो म्हणत होती. नव्या मॅडम मागे मुलींबरोबर गाणी म्हणत होत्या. गाडी गेल्यावर मी घरी आले आणि भरदुपारी झोपले. फोन वाजलाच नाही.

नाटकाला काही मिळालं नाही. मुलीला अभिनयाचं उत्तेजनार्थ मिळालं. कॉलेजच्या ग्रुपवर तिचे फोटो आले, शुभेच्छांचा पाऊस पडला. मीही दोन हात जोडलेली चित्रं टाकली.

दोन-चार दिवसांनी मुलीच्या फोनवरून तिच्या आईने मला फोन केला. आधी माझ्या गुडघ्याची चौकशी झाली. मग मुंबईच्या उकाड्याची, मग हॉलमधल्या पंख्याची. नाटक तिने अगदी पुढे बसून पाहिलं होतं. मी विचारलं, मग वस्तू कुणी सांभाळल्या? ती म्हणाली, पिशवीत भरल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. मला हे कसं सुचलं नाही, याचा मी विचार करत होते तेवढ्यात ती जरा अडखळत म्हणाली, "म्याडम, येक इचारू? राग नका मानू. मी पयल्या रात्री बसलंय दारात. कोण आला नाय, कोण गेला नाय. पोरी आपल्या झोपल्या. दुसऱ्या रात्री मीपन झोपलंय. मग तुमी येवडी वर्सा कशाला बसलाव?"

 मी खरं तेच बोलले. म्हटलं, "तुम्ही मुलींना पाठवावं म्हणून."

 "मग तसा आदीच सांगायचात," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पुढच्या वर्षी कुणी सोबत नसलं तरी मुलगी येईल, तिच्या वडिलांचं मी बघते, एवढं सांगून तिने फोन ठेवला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.