जालियाची शाळा

"अरे, तू कशाला बसलास इथे? जा, आधी चार चहा सांग."

शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी साहेब म्हणाले आणि मी उठलो.

साहेबांचं काय ते पुढे सांगतो. आधी माझं सांगतो, कारण तेच मला अजून खातंय. मी उठलो. कुणी धक्का दिला नाही, हात धरला नाही. शरीराला सवय होती, ते उठलं.

मी आखातातल्या त्या भारतीय शाळेच्या ऑफिसात क्लार्क होतो. पण त्या सकाळी रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, पालक म्हणून खुर्चीत बसलो होतो. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला पाच वर्षांची पोर. केजीच्या ॲडमिशनचा इंटरव्ह्यू. हातात टोकन नंबर तेवीस. टोकनं आदल्या दिवशी मीच वाटली होती. स्वतःसाठी घेताना खिडकीच्या बाहेर जाऊन रांगेत उभा राहिलो होतो, उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून. काय तो माझा शहाणपणा!

पॅन्ट्रीवाली बाई त्या दिवशी आली नव्हती. म्हणजे चहा सांगायचा नव्हता, करून आणायचा होता. मी ट्रे घेऊन आत शिरलो तेव्हा पोर उभी राहून "माय नेम इज" म्हणत होती. महिनाभर घोकलेलं. कमिटीचे चौघे पुढची फाइल उघडून बसले होते. कुणीतरी बायकोला इंग्रजीत विचारलं, नवरा काय करतो. तिने हिंदीत सांगितलं, "यहीं पे काम करते हैं." चौघे हसले. मी त्यांच्यासमोर कप ठेवत होतो.

पोर माझ्याकडे बघत होती. कपाकडे, मग माझ्याकडे.

बाहेर आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "तुमी उठलाव कशाला?"



चार दिवसांनी यादी लागली. पोरीचं नाव नाही. आणखी तिघांचं नव्हतं: एका ड्रायव्हरचा मुलगा, एका शिंप्याची मुलगी, एका एसी मेकॅनिकचा मुलगा. बाकी सगळे आत. वर्गात जागा होत्या. बाकं मीच मोजून घेतली होती.

साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब पुण्याचे, मोठ्या कंपनीत अकाउंटंट, माहूजसारख्या महागड्या वस्तीत फ्लॅट. शाळेचं काम ते मानाने बघायचे, पगार न घेता. हे ते दर भाषणात सांगायचे.

"साहेब, काय चुकलं तिचं?"

"तिचं काही नाही रे. पालकांचं बॅकग्राउंड बघावं लागतं. उद्या पेरेंट्स मीटिंगला तू कुठे बसणार? आमच्या शेजारी? तू आपल्या रत्नागिरीचा, समजून घे. ही प्रायव्हेट संस्था आहे. कुणाला घ्यायचं ते कमिटी ठरवते."

समजून घे म्हणे!

आता हे ऐका. त्याच महिन्यात तिथल्या शिक्षण मंत्रालयाचा एक अधिकारी शाळा बघायला आला होता. साहेब त्याला इंग्रजीत सांगत होते आणि मी अरबीत. साहेब म्हणाले, "ही आमची खासगी शाळा नव्हे. ही साऱ्या भारतीय समाजाची सार्वजनिक शाळा आहे. कुणालाही दार बंद नाही." म्हणून सरकारने जमीन दिली, म्हणून परवाना दिला. ते वाक्य माझ्या तोंडून गेलंय. परवान्यात शब्द आहे जालिया. जालिया म्हणजे परमुलखात राहणारी आपली सगळी माणसं. आणि खाली कलम आहे: जागा असताना जालियाच्या कुठल्याही मुलाला बापाच्या कामावरून, धर्मावरून, भाषेवरून परत पाठवता येणार नाही. परवाना फ्रेम करून साहेबांच्या डोक्यामागेच टांगलेला. अरबीत. कमिटीत एकालाही वाचता येत नव्हता.

मला येत होता. अरबी मी वाचायला गावच्या मदरशात शिकलो, आणि कळायला मनामा शहरातल्या टायपिंगच्या दुकानात. म्हणून तर शाळेने मला ठेवलं होतं. सरकारी कागद टाइप करायचे, घेऊन जायचे, शिक्का मारून आणायचे. याला तिथे मंदूब म्हणतात. माझा व्हिसा शाळेवर. बायको-मुलीचा माझ्यावर. साहेबांनी एक कागद फिरवला की आम्ही तिघेही विमानात. म्हणून तेव्हा मी काय केलं? काही नाही. मूग गिळून बाहेर आलो.

रात्रंदिवस डोक्यात तेच. नोकरी सोडू? दुसरीकडे जायला शाळेचीच परवानगी लागते. पोरीला गावी पाठवू? मग हा समुद्र कशाला ओलांडला? दुसरी शाळा परवडत नव्हती. कुठूनही निघालो तरी त्याच केबिनच्या दारात येऊन उभा. पोर घरात खेळायची. उशांना ओळीने बसवायची, स्वतः चहा द्यायची. एकदा मी तिच्या हातातला खोटा कप हिसकावून घेतला. ती घाबरली. मला माझी शरम वाटली.

मग परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज आला. त्याच्यासोबत यादी जोडायची असते: कोणी अर्ज केले, कोणाला घेतलं, कोणाला नाकारलं आणि का. साहेबांनी इंग्रजी यादी पाठवली. नाकारलेले: एकही नाही. आमची चार पोरं त्या कागदावर जन्मालाच आली नव्हती.

माझं डोकं सणकलं. माझ्याच हाताने माझी पोर पुसायची?

कमिटीची एक सवय होती. अरबी कागद आला की मी कोपऱ्यावर बोट ठेवायचो, "साहेब, इथे." ते गप्पा मारत सही करायचे. सात वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की वर काय लिहिलंय. मनात आणलं असतं तर काहीही सही करून घेतलं असतं. पण चोरून करायचं नव्हतं. अरबी यादीत मी चारही नावं टाइप केली. कारणाच्या रकान्यात साहेबांचे शब्द: पालकांचं बॅकग्राउंड. आणि साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग होती, तिथे ती यादी नेऊन ठेवली.

साहेबांनी पेन उघडलं.

"थांबा साहेब. आधी वाचून दाखवतो."

वाचलं. मराठीत, मग हिंदीत, सगळ्यांना कळेल असं. भिंतीवरचं कलमही वाचलं.

"डोकं फिरलं का तुझं? व्हिसा कुणावर आहे माहितेय ना?"

"शाळेवर आहे. आणि शाळा कशावर उभी आहे तेही माहितेय."

कुणी सही केली नाही. संध्याकाळी साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. आवाज लोण्यासारखा. "हे बघ, तुझ्या पोरीचं करून टाकू. शनिवारपासून येऊ दे. बाकीची तीन नावं काढ. खलास."

काय सांगू! क्षणभर मला ती युनिफॉर्ममध्ये दिसली. तोंडाशी 'हो' आलं होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी भाजत होती. तिने तवा उतरवला. म्हणाली, "शिंप्याची बायको त्या सकाळी माझ्यासंगं रांगेत होती. तिला मी काय तोंड दाखवू?" आणि मग रडली. पोरीसाठी रडली. मीही रडलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणालो, "चार."

त्यांनी माझ्या टाइपरायटरवर एक कागद आपटला. माझा व्हिसा रद्द करायचा फॉर्म. तोही अरबीतच भरायचा असतो आणि भरणारा मीच. साहेबांना ते सुचलंच नव्हतं. ते गेले, मी फॉर्म भरला. अक्षर न अक्षर बरोबर. बोट ठेवून सही घेतली.

मग त्याच मशीनवर दुसरा कागद चढवला. तक्रार. चार पोरांची नावं, टोकन नंबर, कलम, साहेबांची दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी: अधिकाऱ्यापुढचं आणि माझ्यापुढचं. शाळा सार्वजनिक आहे की खासगी, ते मंत्रालयाने लिहून द्यावं. खाली सहीची जागा. इतकी वर्षं ती मी दुसऱ्यांना दाखवली. त्या दिवशी तिथे माझी सही केली.

मंत्रालयाच्या खिडकीवरचा कारकून मला ओळखायचा. हसून म्हणाला, "शाळेचा कागद?"

"नाही. माझा."

शिक्का बसला. अकराव्या दिवशी आम्ही तिघे विमानात होतो. उत्तर आलं नव्हतं. शाळेतून निरोप मात्र आला होता: कागद मागे घे, सगळं जागेवर येईल.

मागे घेतला नाही. घेणार नाही. पोच माझ्या पेटीत आहे. गावी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात मी मंत्रालयाला आठवणीचं पत्र टाकलं, आणि दर महिन्याला टाकत राहीन, उत्तर येईपर्यंत. हो म्हणोत की नाही, त्यांना लिहूनच द्यावं लागेल. आणि यापुढे मला खुर्चीतून उठवायचं असेल, तर हाताला धरून उठवावं लागेल.