कडा बघणारे

आमच्या ऑनलाइन फोटोग्राफी ग्रुपमध्ये एक काका आहेत, सगळे त्यांना टरकून असतात. एसटी स्टँडजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. कुणाचाही फोटो आला की ते आधी त्याच्या चारही कडा बघतात, मग दहापैकी गुण देतात. "मधलं काय, कोणीपण बघतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी कधी चारच्या वर गेलो नाही.

रविवारी पावस गावाजवळच्या किनाऱ्यावर कातळावर फुटणाऱ्या लाटेचा फोटो मी टाकला. 'अप्रतिम'ची रांग लागली. त्यांनी मात्र गुणच दिले नाहीत.

सोमवारी दुकानात गेलो, तर त्यांनी मशीन थांबवलं, मोबाइलवर माझा फोटो मोठा केला आणि डाव्या कडेवर नख टेकवलं. तिथे एक माणूस मासे पकडायला गरी टाकून पाठमोरा बसला होता. लाट त्याच्या डोक्यावर आली होती. मी त्याला पाहिलंच नव्हतं.

"ह्याच्या नंतरचा काढलात काय?" त्यांनी हळू विचारलं.

काढला होता. दाखवला. कातळ रिकामा होता.

गिऱ्हाइकं उभी असतानाच त्यांनी शटर ओढलं. "चला. जागा दाखवा."

मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो. खिशातला मोबाइल पावसपर्यंत 'अप्रतिम', 'अप्रतिम' म्हणत थरथरत होता.