निळ्या डब्यातली वही

रविवारी बर्मिंगहॅमहून केंब्रिजची गाडी पकडली, ती जीव वाचवायला. घरात महायुद्ध पेटलं होतं, एका वहीवरून.

माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होत्या. त्यांनी रामनाम लिहून ही वही भरली. सासरे, म्हणजे आप्पा, साताऱ्याचे निवृत्त विज्ञानशिक्षक. इतके कडवे बुद्धिवादी की त्यांना बघून मारुती देवळाचं दार आतून लावून घेतो! सासूबाई गेल्यावर आप्पांनी वही रद्दीच्या निळ्या डब्यात टाकली.

बायको कडाडली, "सोमवारी सकाळी रद्दीची गाडी येते, आप्पा. तुम्ही टाकलीत, तुम्हीच काढा."

"कागद आहे तो," आप्पा म्हणाले.

म्हणून मी आप्पांना घेऊन निघालो. गाडीत थालीपिठाचा डबा उघडला, तर तिकीट तपासनीस तीनदा आमचंच तिकीट बघून गेला. केंब्रिजला माणसांपेक्षा सायकली जास्त. एक माझ्या पायावरून गेली आणि 'सॉरी' मीच म्हणालो.

तिथल्या एका ग्रंथालयात मध्ययुगीन ज्यू तत्त्वज्ञांचं प्रदर्शन होतं. माहिती सांगायला मिरियमबाई, वय सत्तर, आवाज तोफेचा. काचेखाली एका तत्त्वज्ञ वैद्याच्या हातचा मसुदा, खाडाखोडीनं भरलेला.

"धर्मग्रंथ म्हणतो देवाचा हात. हा म्हणतो, देवाला शरीर नाही, तेव्हा ते रूपक समजा. श्रद्धेनं बुद्धीला घाबरू नये," मिरियमबाई गरजल्या.

"जावईबापू, हा आपला माणूस!" आप्पा असे उडाले की पहारेकरी धावत आला. "पण बाई, हा चिटोरा टिकला कसा?"

"कैरोच्या प्रार्थनागृहातल्या जेनीझात (जुन्या कागदांच्या कोठीत). न जाणो, देवाचं नाव असेल, म्हणून लोक कागद फेकत नसत."

"म्हणजे अंधश्रद्धेनं वाचला?"

"देवाचं लिहिलेलं नाव नष्ट करू नये, हा नियम यानंही आपल्या कायद्याच्या ग्रंथात लिहिलाय."

आप्पांनी वाद न घालता घड्याळ बघितलं. अशी घटना सातारा जिल्ह्यात कुणी पाहिलेली नाही. मग हळूच म्हणाले, "परतीची गाडी कितीला?"

घरी पोचताच बूटही न काढता आप्पा कमरेपर्यंत निळ्या डब्यात! पिझ्झ्याची खोकी उडाली, शेजारीण खिडकीत आली. शेवटी वही निघाली, कोपऱ्यावर टोमॅटोचा डाग.

"देव आहे असं मी म्हटलेलं नाही," आप्पांनी डाग रुमालानं पुसत बजावलं.

"नाहीच म्हटलं," बायको म्हणाली.

आप्पांनी वही आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत, मधोमध खोचली.

"इथंच राहू दे. तुझ्या आईचा नि माझा चाळीस वर्षांचा वाद आहे, अर्धवट कशाला सोडायचा?"