सपाट देशातले डोंगरी बूट

कुवेतमध्ये डोंगर नाही. मुतल्याला एक लांबट टेकाड आहे, त्याच्यावर तर गाडीसुद्धा जाते. म्हणूनच आमच्या ग्रुपमध्ये डोंगरी बुटांचे एवढे किस्से साचले असावेत. जिथे डोंगर असतात तिथली माणसं पायात बूट घालतात आणि चालू पडतात. आम्ही वर्षातून दहा दिवस हिमालयात जातो आणि उरलेलं वर्षभर बुटांवर बोलतो.

ग्रुप तसा लहानच. पाटणकर पुण्याचे, रिफायनरीत प्रोसेस इंजिनियर. भोसलेकाका सांगलीचे, मेंटेनन्समध्ये तीस वर्षं काढलेली. मी नाशिकची, पाइपलाइन इन्स्पेक्शनला. तिघंही सलव्यात राहतो, त्यामुळे शुक्रवारी सकाळी फिरायला जाणं ठरलेलं.

*

सुरुवात झाली ती पाटणकरांच्या एक्सेल शीटपासून. गेल्या वर्षी त्यांनी सदतीस बुटांची तुलना केली. वजन, वॉटरप्रूफिंग, टाक्यांची जात, सोलची जाडी, किंमत, प्रत्येकाला मार्क. पहिला आलेला बूट भोसलेकाकांनी डोळे मिटून ऑनलाइन मागवला.

ऑक्टोबरच्या ट्रेकला दुसऱ्या दिवशी दुपारी काका एका दगडावर बसले ते उठेचनात. दोन्ही टाचा सोललेल्या, अंगठ्याचं नख काळंनिळं. शेवटी त्यांना खेचरावर बसवून खाली पाठवलं. बाकीचे आम्ही खिंड चढून आलो.

परत आल्यावर काकूंनी ती शीट मागवून घेतली, चष्मा लावून नीट वाचली आणि विचारलं, "यात ह्यांचा पाय कुठल्या रकान्यात आहे?"



*

या वर्षी मात्र गंमत उरली नव्हती. डिसेंबरात काकांची नोकरी संपणार, रेसिडेन्सी संपणार, बिऱ्हाड सांगलीला. आमच्याबरोबरचा हा शेवटचा ऑक्टोबर. काका एरवी कशाचा हट्ट धरत नाहीत, पण एकदा गाडीत बसल्यावर म्हणाले, "ती खिंड बघायचीच आहे. खेचरावरून उतरलेला माणूस म्हणून मला घरी जायचं नाही."

मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात मी त्यांना हवल्लीला सलीमभाईंकडे नेलं.

*

सलीमभाई दापोलीकडचे. शिकारीच्या आणि कॅम्पिंगच्या सामानाच्या दुकानात अठरा वर्षं आहेत. इथले शौकीन लोक परदेशात डोंगरात शिकारीला जातात, त्यांचे बूट सलीमभाई बसवून देतात. घोट्यापर्यंत चामडं, जाड सोल, दगडावर न घसरणारे. मॉलमधल्या ट्रेकिंगच्या बुटांपेक्षा दणकट, आणि सीझन संपला की जवळजवळ निम्म्या किमतीत.

काकूंना 'शिकारीचे बूट' एवढंच ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "घ्या. पण गुरुवारी घालू नका."

*

काकांनी दुकानात शिरल्याबरोबर सर्वांत महागड्या बुटाकडे बोट दाखवलं. गेल्या वेळी स्वस्तात फसलो असा त्यांचा समज होता. सलीमभाईंनी तो बूट काढला, दोन्ही हातांनी वाकवून बघितला. वाकेचना.

"काका, हा बूट डोंगरी बोकड मारून, तो पाठीवर घेऊन उतरणाऱ्या माणसाचा आहे. तुम्ही पाठीवर काय नेणार?"

काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "शेंगदाण्याची चटणी."

"मग हा मधला बघा. चटणीला हा पुष्कळ झाला."

*

मग नंबरचा प्रश्न आला. काका म्हणाले, "नऊ." सलीमभाई म्हणाले, "बसा, मोजतो."

"मोजायचं काय त्यात? तीस वर्षं नऊ नंबर आहे माझा."

सलीमभाईंनी मोजपट्टीवर पाय ठेवायला लावला. आधी उजवा, मग डावा. मग पुन्हा उजवा. "काका, नऊ कोणी सांगितलं तुम्हाला?"

तेव्हा उलगडा झाला. काका नोकरीला लागले त्या दिवशी कंपनीच्या स्टोअरमध्ये सेफ्टी शूजचे नऊ नंबरचेच जोड शिल्लक होते. स्टोअरकीपरने कार्डावर नऊ लिहिलं. पुढे दरवर्षी कार्ड बघून नवा जोड यायचा, आणि काका बाहेरही चप्पल-बूट त्याच नंबरचे घ्यायचे. ऑनलाइनचे ते बूटही नऊच.

"चावायचे नाहीत?"

"चावायचे की. मला वाटायचं, बूट म्हटला की चावणारच."

सलीमभाईंनी मोजपट्टी बाजूला ठेवली. मग त्यांनी स्वतः उठून साडेदहाचा, रुंद पंज्याचा जोड आणला. काकांनी पाय आत घातला आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मी दुसरीकडे बघायला लागले.

*

तर बूट अगदी बरोबर बसला. काका पाकीट काढणार तोच सलीमभाईंनी बूट काढून घेतला. "आज देणार नाय."

आम्ही चक्रावलो. तेवढ्यात आलेले पाटणकर मोबाइल पुढे करून म्हणाले, "पण नेटवर लिहिलंय, बूट दुपारनंतरच घ्यावेत. पाय जरा सुजलेले असतात, तेच बरोबर माप."

"नेटवाला कुठे बसून लिहितो? तुम्ही ऑगस्टात, पन्नास डिग्रीतून, पार्किंगपासून चालत आलाय. ही सूज चालण्याची नाय, कुवेतची आहे. हा पाय तुमच्याबरोबर हिमालयात येणार नाय. बर्फाजवळ तो बारीक होईल आणि बुटात खुळखुळ वाजेल."

काकांना दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा सकाळी बोलावलं, जाड मोजे घालून तासभर एसीत चालायला लावलं. फळीच्या उतारावरून वीस वेळा खाली उतरवलं. अंगठा पुढे आपटतो का, टाच उचलते का, ते प्रत्येक वेळी वाकून बघितलं. अखेर दहा नंबरचा जोड ठरला. साडेदहाचा विकला असता तर सलीमभाईंचं काय बिघडत होतं?

*

पाटणकरांना हे सगळं अतीच वाटलं. त्यांनी कुठल्याशा सेलमधून भलतेच स्वस्त बूट मिळवले होते आणि पूर्ण जुलै-ऑगस्ट ते गाडीच्या डिकीत ठेवले होते. सप्टेंबरात आम्ही पहाटेच मुतल्याला सरावाला गेलो. दहा मिनिटांत उजवा सोल पुढून सुटला, पंधराव्या मिनिटाला डावा. उन्हाळाभर डिकीत भाजून आतला गम केव्हाच मेला होता.

पाटणकरांनी प्लँटमधले केबल टाय काढून दोन्ही बूट आवळले आणि फेल्युअरची कारणं समजावून सांगू लागले. त्यांची मुलगी ईरा, वय तेरा, खाली बसून बुटांकडे निरखून बघत होती.

"बाबा, दे आर स्मायलिंग ॲट यू."

सोमवारी पाटणकर हवल्लीला हजर.

*

काकांनी मात्र नवे बूट मुरवायचं फारच मनावर घेतलं. भाजी आणायला बूट, बँकेत बूट. खैरानला पिकनिक होती तर तिथेही बूट. आम्ही सगळे वाळूत अनवाणी, आणि काका हाफ पँटवर ते घोट्यापर्यंतचे बूट घालून पाण्याच्या कडेने फेऱ्या मारतायत. आम्ही भाड्याने घेतलेल्या समुद्रकाठच्या शॅलेचा रखवालदार बराच वेळ बघत होता. त्याने शेवटी हिंदीत विचारलं, "साहब, बंदूक किधर है?"

काका न थांबता म्हणाले, "पहले पहाड मिलने दो."

*

ऑक्टोबरात खिंड चढलो. काका सर्वांत शेवटी आले, पण आपल्या पायांनी आले. वर त्यांनी काहीच केलं नाही, नुसते उभे राहिले. मीच रडले.

वर नेटवर्क नव्हतं. दोन दिवस उतरून पहिल्या गावात आलो तेव्हा फोनला रेंज आली. काकांनी घरी फोन लावायच्याही आधी सलीमभाईंना व्हिडिओ कॉल केला. पलीकडे दुकान दिसत होतं, सलीमभाईंच्या खांद्यामागे एक कुवेती गिऱ्हाईक एका पायात बूट घालून ताटकळत बसलेलं.

"सलीमभाई, हे बघा!" म्हणत काकांनी फोन शिखरांकडे फिरवला. संध्याकाळचं ऊन पडलेलं, बर्फ नुसतं पेटलेलं.

"ते राहू दे, काका. बूट काढा."

"इथे? थंडी आहे हो."

"मोजेपण."

काका पायरीवर बसले. बूट काढले, मोजे काढले, आणि फोन पायाजवळ धरला. सलीमभाईंनी डावी टाच बघितली, उजवी बघितली. बोटं फाकवायला लावली. एकेक करत दहाही नखं बघितली. मागचं गिऱ्हाईकसुद्धा उठून, लंगडत येऊन, त्यांच्या खांद्यावरून डोकावून बघायला लागलं.

सलीमभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हां," ते म्हणाले. "आता दाखवा डोंगर."