बॅटरी बंद करून बघा

विजेच्या सायकलींच्या दुकानात परवा एक जोडपं बघितलं. नवऱ्याने रंग निवडला, बायकोने पुढची टोपली निवडली आणि सायकलवर न बसताच हँडलला हार घालून दोघांनी फोटो काढला. असली माणसं चप्पलसुद्धा पायात न घालता घेत असतील.

मी चौथी नापास. पण सायकल आधी सीटला धरून उचलायची, चाक फिरवून कान लावायचा, एवढं मला कळतं. मी म्हणालो, "बॅटरी बंद करून चालवून बघतो."

विकणारा फिदीफिदी हसला. "बाबा, मग विजेची घेता कशाला?"

"वाटेत तुझी वीज संपली तर घरी तू पोचवणार आहेस का?"

लेक कुजबुजली, "अण्णा, लोक बघतायत." बघेनात का. लोकांना दुसरं येतं काय?

माझे गुडघे गेलेत. थोरला भाऊ देवळामागच्या चढावर राहतो, खाटेला खिळलाय. रोज सकाळी त्याच्याकडे जाणं बंद झालं की मग टीव्हीपुढे बसून मरायचं. लेक म्हणते, रिक्षाने जा. रिक्षाने आजारी माणूस जातो.

एक सायकल म्हशीसारखी जड होती, दुसरीवर पाय लोंबकळत होते. तिसरी साधी, काळी. बॅटरीवाचून गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तीच घेतली.

दुसऱ्या दिवशी चढावर बॅटरी लावली. कुणी पाठीला हात लावून ढकलावं तशी ती मला वर घेऊन गेली. असा संताप आला!

भाऊ खाटेवरून म्हणाला, "आज धाप लागली नाही रे तुला?"

"रस्ता खणून चढ कमी केलाय," मी म्हणालो.